गाविलगडावरचा पबजी आणि कोरडी विहीर

दारव्हा तालुक्यातील एका गावातून तेवीस वर्षांच्या वाचकाने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे:

‘मी आणि माझा आतेभाऊ मिळून तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान चालवतो. दोघांनीही व्हिडिओ पाहून गेम बनवण्यापुरते प्रोग्रॅमिंग शिकून घेतले आहे. मला अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगड किल्ल्यावर घडणारा, बीजीएमआयसारखा (म्हणजे पबजीसारखा) गोळीबाराचा गेम करायचा आहे, कारण दुकानात येणारी बहुतेक मुले तेच खेळतात. आतेभाऊ म्हणतो की गाजलेले सगळे गेम बेचव असतात, “एकाच घाण्याचं तेल हाय सारं”, आणि करायचे तर आजवर कोणीच केले नाही असे काही करावे. त्याच्या मनात एका कोरड्या विहिरीचा गेम आहे, ज्यात जिंकणे-हरणे काहीच नाही. आठ महिने आम्ही फक्त भांडतो आहोत. बाबा कापसाच्या चुकाऱ्यातून नव्या लॅपटॉपसाठी साठ हजार रुपये द्यायला तयार आहेत, पण नेमके काय बनवणार या त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. लाखो लोकांना आवडते ते नीरस कसे असेल? आमच्यापैकी बरोबर कोण?’

प्रथम साठ हजार रुपयांचा प्रश्न, कारण तो सर्वांत सोपा आहे. ते पैसे तूर्तास बाबांच्या खात्यातच राहू द्या. तुमचे काम लॅपटॉपवाचून अडलेले नाही, काय बनवायचे हे न ठरल्यामुळे अडलेले आहे. ते ठरवायला एक वही, मूठभर चिंचोके आणि संध्याकाळी पारावर बसणारी चार माणसे पुरतात, आणि ही सामग्री तुमच्याकडे आधीपासून आहे. ती कशी वापरायची ते पुढे सांगतो. वादाबद्दल विचाराल तर मला तुमच्यापेक्षा तुमचा आतेभाऊ थोडा अधिक बरोबर वाटतो, मात्र त्याने दिलेल्या कारणासाठी नाही. गेम एकमेकांसारखे दिसतात म्हणून ते बेचव होत नाहीत. खेळणाऱ्याला गेम कोणत्या पेचात टाकतो, आणि तो पेच खरा आहे की नुसता देखावा आहे, यावर त्याची चव ठरते.

पबजीपासूनच सुरुवात करू, कारण बीजीएमआय ही २०२१ साली भारतासाठी काढलेली त्याचीच आवृत्ती आहे. पबजी २०१७ साली आला. त्याचा कर्ता ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा. मोठ्या गेम कंपनीत उमेदवारी करून वर आलेला हा माणूस नाही. ‘आर्मा’ या युद्धाच्या गेममध्ये हौशी लोक आपापले बदल करून खेळत असत, त्या बदलांत त्याने आणखी एक बदल केला, आणि मूळ कल्पना २००० सालच्या एका जपानी चित्रपटावरून उचलली. बंदुका दुसऱ्याच्या, जमीन दुसऱ्याची, गोष्ट तिसऱ्याची. तरीही त्यातून उभा राहिलेला पेच त्याआधीच्या गाजलेल्या गोळीबाराच्या खेळांत सहसा सापडत नव्हता. शंभर माणसांना रिकाम्या हाताने मोठ्या बेटावर सोडले, तर त्यांतला शहाणा माणूस कोपऱ्यातल्या एखाद्या घरात दार लावून बसेल, बाकीचे एकमेकांना मारून संपण्याची वाट पाहील, आणि मग खेळच होणार नाही. म्हणून सुरक्षित जागेचे वर्तुळ दर काही मिनिटांनी आकसत जाते. तुमच्या दुकानातली मुले ज्याला ‘झोन’ म्हणतात तो हाच. आता त्या शहाण्या माणसाला दर वेळी ठरवावे लागते की लवकर निघून उघड्यावर मार खायचा, की अजून थोडी लूट जमवून उशिरा पळायचे आणि वाटेत दबा धरून बसलेल्याच्या तावडीत सापडायचे. एका वर्तुळामुळे बंदूक, गाडी, घर, टेकडी या सगळ्या जुन्याच वस्तूंना नवा अर्थ आला. याला बेचव म्हणणे हा अन्याय आहे, आणि हे वाक्य तुम्ही आतेभावाला वाचून दाखवावे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोर्टनाइटने हीच चौकट घेतली आणि तीत गोळा केलेल्या लाकूड-दगडाची क्षणात भिंत उभी करण्याची सोय घातली, त्यामुळे आडोसा शोधण्याचा प्रश्न आडोसा बांधण्याचा झाला. फ्री फायरही २०१७ चाच. त्यात खेळाडू पन्नास, डाव सुमारे दहा मिनिटांचा, आणि स्वस्त फोनवर चालेल अशी बांधणी. तुमचा भाऊ याला नक्कल म्हणेल, आणि बऱ्याच अंशी ती आहेही. पण ज्या गावात नेटवर्क टेकडीवर चढल्यावर येते, लाइट भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे जाते आणि फोन घरातल्या तिघांत एक असतो, तिथे अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत संपणारा डाव ही नुसती काटछाट मानता येत नाही. खेळणारा कोण आहे हे ओळखून घेतलेला तो निर्णय आहे. (फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर आपल्याकडे बंदी आली, तिची कारणे निराळी होती, तिचा चवीशी संबंध नाही.)

१९९३ साली ‘डूम’ हा गोळीबाराचा गेम आला, तेव्हा पुढची काही वर्षे त्याच्या धाटणीच्या प्रत्येक गेमला सरसकट ‘डूमची नक्कल’ म्हणत असत. आज तसे कोणी म्हणत नाही, कारण दरम्यान तो एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला. ओवी मुळात कोणाची होती, हे आपण तरी कुठे विचारतो?

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला माणूस आहे, त्यामुळे साच्याची निंदा ऐकली की मला थोडा रागच येतो. दिवाळीनंतर वडशाच्या मंडळ्या गावोगाव नाटके घेऊन निघतात आणि होळीपर्यंत तो हंगाम चालतो. रात्रभराच्या त्या नाटकाचा साचा प्रेक्षकांना पाठ असतो. विनोदी पात्र कोणत्या प्रवेशानंतर येणार, गाणे केव्हा पडणार, पहाटेच्या सुमारास रडवणारा प्रवेश कोणाच्या वाट्याला जाणार, हे सगळे ठरलेले असते. माझी आजी पहिल्या अर्ध्या तासात शेवट सांगून टाकायची आणि तरीही उजाडेपर्यंत जागची हलायची नाही. तिला शेवट नकोच असे. तो नट त्याच प्रवेशात आज काय वेगळे करतो हे तिला पाहायचे असे, आणि साचा पाठ असल्यामुळेच ते वेगळेपण तिच्या नजरेतून सुटत नसे. नव्या खेळालाही असा ओळखीचा मांडव लागतो. सगळेच अनोळखी असेल तर खेळणारा नियम समजून घेण्यातच दमतो आणि नवेपणापर्यंत पोचतच नाही.

लहानपणी चिमूरच्या घोडायात्रेत मामाने मला एक ‘ब्रिक गेम’ घेऊन दिला होता. मळक्या हिरवट पडद्यावर वरून विटा पडत, आणि त्या पाहत मी परीक्षेच्या तोंडावर कित्येक संध्याकाळी घालवल्या. तो टेट्रिस आहे, १९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव याने रचलेला, हे मला फार उशिरा कळले. अस्सल खेळ कोणता असे विचारले तर जाणकार आजही त्याच्याकडे बोट दाखवतात, पण तोदेखील हवेतून आलेला नाही. पाच चौकोन जोडून केलेले तुकडे पेटीत बसवण्याचे ‘पेंटोमिनो’ नावाचे कोडे आधीपासून होते. पाजित्नोवने पाचाचे चार चौकोन केले, त्यामुळे तुकडे सातच उरले. ते वरून पडायला लावले. आणि भरलेली ओळ नाहीशी केली. या तिसऱ्या बदलातच सगळी गंमत आहे. तुम्ही नीट केलेले काम पुसले जाते, आणि पडद्यावर ढीग साचतो तो फक्त तुमच्या चुकांचा. जुन्या लाकडी कोड्यात हा पेच नव्हता. तुमच्या भावाला ‘आजवर कोणीच केले नाही’ असे हवे आहे ना? तर ते बहुधा असेच दिसते: जुन्या वस्तूत बदललेला एक नियम.

आता तुमच्याकडे वळतो. लाखोंना आवडते म्हणून ते नीरस नाही, हे तुमचे म्हणणे लुडोसमोर टिकत नाही. लुडो ज्यातून निघाला त्या पचिसीत चार जण दोन-दोनच्या जोडीने बसत, कवड्या टाकत, आणि आपली सोंगटी पुढे रेटायची की जोडीदाराची वाट मोकळी ठेवायची याचा विचार करत. इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेऊन आलेल्या लुडोने जोडीदार काढून टाकला आणि कवड्यांच्या जागी एकच फासा आणला. माझ्या मते ते पाणी घालून वाढवलेले वरण आहे. २०१६ चा लुडो किंग त्याच पटाची मोबाइलवरची आवृत्ती, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. लोकांना त्यातून जे मिळाले ते पटाच्या बाहेरचे होते; पुण्यात अडकलेला मुलगा आणि गावातली आई एका डावाला बसू शकत होती. ती गोष्ट मोलाची आहे, पण तिचे श्रेय खेळाच्या रचनेला देता येणार नाही. लोकप्रियता कशामुळे आली हे दर वेळी तपासावे लागते. नुसता आकडा पाहून काही कळत नाही.

तुमच्या आतेभावाच्या जिभेला सगळीकडे तीच चव लागते, याची मला दोन कारणे दिसतात, आणि दोन्ही पैशाशी निगडित आहेत.

पहिले कारण मोठ्या गेमचे. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाला होता, हे २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. एवढी रक्कम गुंतवणाऱ्याची मनःस्थिती आपल्याला नवी नाही. पीककर्ज काढून पेरणारा माणूस अनोळखी वाण आजमावत नाही. बांधापलीकडच्याने जे लावले आणि ज्याला मागच्या वर्षी बोंडे लागली, तेच तो लावतो, आणि मग साऱ्या शिवारात एकच पीक दिसते. २००७ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये उंच मनोऱ्यावर चढले की भोवतालचा नकाशा उघडत असे, आणि तेव्हा ते फार छान वाटले होते. २०१२ साली ‘फार क्राय ३’मध्ये तेच मनोरे रेडिओचे होऊन आले आणि पुढे इतक्या ठिकाणी उगवले की काही विचारू नका. वर चढायचे, नकाशा चिन्हांनी भरून घ्यायचा, आणि पंचनाम्याला निघालेल्या तलाठ्यासारखे एकेका चिन्हावर जाऊन नोंद खोडायची. इथे खेळणाऱ्याला ठरवण्यासारखे काही उरत नाही, फक्त उरकायचे असते. परंतु २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्येही मनोरे आहेत. तिथे वर चढल्यावर केवळ जमिनीची आकृती मिळते. कोणती टेकडी, कोणता धूर पाहण्याजोगा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवून नकाशावर खूण तुम्हीच करायची. मनोरा तोच, आणि तरी एकात कारकुनी आहे आणि दुसऱ्यात भटकंती.

दुसरे कारण फुकटच्या मोबाइल गेमचे, आणि माझ्या मते आतेभावाच्या कंटाळ्याचे मूळ इथेच आहे. एकाच प्रकारचे तीन तुकडे जुळवण्याचा खेळ २००१ च्या ‘बिज्वेल्ड’पासून लोकांच्या ओळखीचा होता, २०१२ च्या ‘कँडी क्रश’ने त्यात चांगल्या युक्त्या घातल्या हे मान्य करायला हवे. पण त्याने एक घड्याळही घातले. जीव पाच, संपले की दर अर्ध्या तासाला एक परत मिळणार, नाहीतर पैसे द्या किंवा मित्राकडे मागा. म्हणजे पेच खेळातून निघून खिशात गेला. रोज हजेरी लावल्याबद्दलचे बक्षीस, हंगामाचा पास, बंदुकीला चढवायचा रंगीत ‘स्किन’, अमुक दिवसांत संपणारी सवलत, हे सगळे त्याच जातीचे आहे, आणि ते गोळीबाराच्या गेममध्ये असते, शर्यतीच्या गेममध्ये असते, शेतीच्या गेममध्येही असते. भाज्या वेगळ्या असल्या तरी मसाल्याची पुडी एकाच दुकानातली, म्हणून जेवण सारखे लागते. तुमच्या भावाने ‘सगळे गेम’ असे म्हणण्याऐवजी ‘सगळ्यांतली ही पुडी’ असे म्हटले असते, तर मी त्याच्या म्हणण्यावर सही केली असती.

आणि कधीकधी पातळ केलेली वस्तूच जिंकते, हेही त्याला ठाऊक असावे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘थ्रीज’ नावाचा आकड्यांचा गेम आला, ज्यावर त्याच्या कर्त्यांनी वर्षाहून अधिक काळ घालवला होता. त्यात १ आणि २ जुळून ३ होतात, पुढे समान आकडे दुप्पट होत जातात, आणि एका खेपेला तुकडे एकच घर सरकतात. महिनाभरात इटलीतल्या एका तरुणाने, थ्रीजच्याच एका नकलेवरून, शनिवार-रविवारच्या सुट्टीत ‘२०४८’ केला. त्यात तुकडे थेट कडेपर्यंत घसरतात आणि डाव बराच सैल होतो. जगाने २०४८ उचलला. दोन्ही एका संध्याकाळी पाठोपाठ खेळून पाहा. थ्रीजमध्ये प्रत्येक खेपेला थबकावे लागते, आणि २०४८ मध्ये एक कोपरा धरून बसलात तरी बराच वेळ निभते. मला थ्रीज अधिक आवडतो, पण प्रवासात माझा अंगठा २०४८ कडेच जातो, हे कबूल केले पाहिजे.

आता गाविलगड आणि विहीर. तुमच्या गाविलगडात मला पेच दिसत नाही. तटबंदी हुबेहूब काढाल, दरवाजे ओळखू येतील, अमरावतीची मुले खूश होतील, आणि खेळणाऱ्याचा अंगठा मात्र तेच करील जे तो आज करतो. पुण्यात तयार होऊन २०२० साली आलेल्या ‘राजी’ या गेममध्ये पहाडी लघुचित्रांची आठवण देणारी सुरेख चित्रे आहेत, गोष्टही आपल्या मातीची आहे. तरीही लढाई सुरू झाली की बोटांना सगळे ओळखीचे वाटते, असे मला खेळताना जाणवले. त्या मंडळींचे कसब मोठे होते म्हणून ते निभावले. शिवाय शंभर जणांना एकाच वेळी खेळवणारा गेम म्हणजे दर महिन्याचे सर्व्हरचे भाडे आणि लबाडी करणाऱ्यांमागे रोजची धावपळ. दुकान सांभाळणाऱ्या दोघांचे ते काम नाही. किल्ला सोडवतच नसेल तर त्याचा इतिहास उघडा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने बाहेरचा कोट तोफांनी फोडून आणि आतला शिड्या लावून गाविलगड घेतला. मोजकी माणसे बाहेरच्या कोटावर ठेवायची की वेळेत आत बोलवायची, हा किल्लेदाराचा पेच आहे, आणि तो दोन माणसे एका पटावर खेळू शकतात.

भावाच्या विहिरीबद्दल एवढेच सांगतो की जिंकणे-हरणे नसलेले गेमही पूर्वी झालेले आहेत, आणि त्यांतले काही सुंदर आहेत, तेव्हा केवळ तेवढ्याने ती अपूर्व ठरत नाही. विहिरीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाने काय ठरवायचे, हे त्याने अजून सांगितलेले नाही.

मला स्वतःला वाटते की तुमचा गेम तुमच्या बाबांच्या बोलण्यात आहे. शेतीचे गेम जगात पुष्कळ आहेत. १९९६ साली जपानमध्ये ‘हार्वेस्ट मून’ आला, २००९ साली फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ने लोकांना वेड लावले, आणि २०१६ साली एरिक बॅरोन या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ केला, ज्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. हार्वेस्ट मूनचे ऋण त्याने कधी लपवले नाही. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ या मालिकेत २०१८ च्या आवृत्तीपासून कापूसही आला, पण तो अजस्र यंत्राने वेचला जातो. वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून बाया ओळीने कामाला लागल्या आहेत, असे दृश्य त्यात शोधू नये. मी हे गेम आवडीने खेळलो, आणि दर वेळी एका जागी अडखळलो. स्टारड्यू व्हॅलीत पाऊस पडला म्हणजे त्या दिवशी पिकाला पाणी घालण्याचे काम वाचले, एवढाच त्याचा अर्थ. भाव ठरलेला. पेरले की उगवणार. ज्या शेतीत पाऊस दगा देत नाही आणि व्यापारी भाव पाडत नाही, तिच्यात आपल्या शेतकऱ्याची अर्धी अक्कल वापरलीच जात नाही.

धूळपेरणीचेच पाहा. रोहिण्यांत कोरड्या मातीत सरकी टोबली आणि मृग वेळेवर बरसला, तर झाड लवकर उभे राहते आणि पहिली वेचणी शेजाऱ्याच्या आधी घरात येते. पाऊस लांबला तर बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीला पुन्हा पैसा उभा करावा लागतो. थांबून पेरले तर बियाणे सुरक्षित, पण हंगामाचे दिवस गेले. हा जगातल्या कोणत्याही फाशाच्या खेळाच्या तोडीचा पेच आहे, आणि तुमचे बाबा तो दर वर्षी खऱ्या पैशाने खेळतात. त्यानंतर दुसरा. कापूस घरात आला. खेडा खरेदीवाला दारात उभा आहे आणि आज रोख देतो, पण भाव कमी देतो. ठेवला तर पुढे भाव चढेल कदाचित, मात्र तो घरात सुकून वजनाला घटतो, अंगाला खाज सुटते, आणि उसनवारी फेडायची तारीख काही पुढे सरकत नाही. हे दोन पेच एकमेकांत गुंतले आहेत, कारण ज्याने पेरणीला उधारी केली त्याला कापूस धरून ठेवता येत नाही. यात तुमच्या भावाची विहीरही बसते. प्रत्येकाच्या विहिरीत हंगामात एकाच ओलितापुरते पाणी, आणि ते आपल्या पिकाला द्यायचे की शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडून कापसात वाटा घ्यायचा. पाणी गेल्यावर ती कोरडीच राहील, म्हणजे त्याचेही समाधान होईल.

हे आधी कागदावर करा. वहीच्या पानावर बारा पंधरवड्यांच्या बारा चौकटी आखा, पैशाच्या जागी चिंचोके घ्या, आणि पावसाच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाका, ज्यांत कोरड्या चिठ्ठ्या किती ठेवायच्या हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवा. चौघांना बसवून तीन डाव खेळा. तिसऱ्या डावात चौघेही एकच चाल खेळू लागले, तर पेच मेला असे समजा आणि आकडे बदला. चौघे वेगवेगळे खेळले आणि डाव संपल्यावर दोघे आपसांत हुज्जत घालू लागले, तर वस्तू जिवंत आहे. हाताशी आणखी नियम येतील. हमीभावाने खरेदी होताना कापसातला ओलावा ८ ते १२ टक्क्यांत असावा लागतो, हा त्यांतला एक मोहक नियम, पण पहिल्या महिन्यात त्याला हात लावू नका. आणि एक विनंती आहे: विदर्भातल्या शेतीवर गेम करताना शेतकऱ्याच्या दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा मोह होतो, तो टाळा. खेळणाऱ्याला त्याची कीव वाटण्यापेक्षा त्याच्या हिशेबाची धास्ती वाटू द्या.

कामाची वाटणी अशी करा की मांडणी तुमची आणि नियम बदलण्याचा अधिकार भावाचा. पट, सोंगट्या, डावाची लांबी, पहिल्या मिनिटात काय दिसावे, हे तुम्ही ठरवा, कारण दुकानात येणारा पोरगा कशावर थांबतो आणि कशावरून बोट सरकवतो हे तुम्हाला त्याच्यापेक्षा नीट माहीत आहे. पेच कुठे सैल पडला हे शोधून एका वेळी एकच नियम बदलण्याचे काम त्याचे, कारण बेचवपणा त्याच्या जिभेला आधी कळतो. बदललेला नियम दोन डाव खेळून पाहण्याआधी तुम्ही त्यावर बोलायचे नाही.

नकलेच्या कायद्याची भीती तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, म्हणून थोडे त्याविषयी. खेळाच्या नुसत्या कल्पनेवर किंवा नियमावर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने टेट्रिसच्या एका नकलेविरुद्ध निकाल दिला तो तिचे रूप जवळजवळ तसेच उचलले होते म्हणून. दुसऱ्याची चित्रे, आवाज आणि नाव घेऊ नका, एवढे पाळलेत तर तुमच्या आकाराच्या कामाला सहसा अडचण येऊ नये. कागदावरचा डाव जमला की तो ‘गोडो’ या मोफत साधनात उतरवा. असा पटाचा साधा खेळ तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपवर करायला हरकत नाही. यंत्र मंद आहे म्हणून कुढू नका. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले अधिक वेगाने चाल करून येतात, आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागते. त्याचा कर्ता तोमोहिरो निशिकादो याने ते आधी योजले नव्हते. यंत्र इतके संथ होते की पडद्यावरच्या आकृत्या घटल्या की ते आपोआप जलद चाले, आणि त्याने तो दोष दुरुस्त न करता तसाच ठेवला.

मृग लागायला अजून सहा आठवडे आहेत आणि वावरात सध्या फारसे काम नसेल. येत्या रविवारी बाबांना पारावर बोलवा, त्यांच्यापुढे वीस चिंचोके ठेवा आणि काहीही समजावून न सांगता पहिला डाव त्यांना खेळू द्या. त्यांनी धूळपेरणी केली की थांबले, आणि तुमच्या आतेभावाने आपल्या विहिरीचे पाणी कोणाला दिले, ते मला अवश्य कळवा.